विंगेतल्या टॅबलेटवर डेबियन

टॅबलेट २०१५ सालचा. दहा इंची पडदा, लोहचुंबकाने चिकटणारा कीबोर्ड, आत इंटेलची अ‍ॅटम झेड३७३५एफ चिप, दोन जीबी रॅम, ३२ जीबीची ईएमएमसी, म्हणजे बोर्डावरच पक्की बसवलेली साठवण. त्या सुमारास असले टॅबलेट बाजारात ढिगाने आले होते. माझा विंडोज ८.१ घेऊन आला, पुढे फुकटात विंडोज १० झाला, आणि मग एकेक अपडेट मोकळ्या जागेसाठी हट्ट धरून बसायला लागल्यावर कपाटात गेला. आई दर चवथीच्या साफसफाईत तो हातात घेते आणि म्हणते, "उडय मरे तें!"

उडवला नाही, कारण त्याला पंखा नाही. दिवसा माझं साखळीच्या बाजारात इलेक्ट्रिक सामानाचं दुकान, आणि रात्री मी आमच्या हौशी नाटकमंडळीचं पार्श्वसंगीत सांभाळतो. जत्रेच्या नाटकात माझी जागा विंगेत, माईकपासून फार तर दोन हातांवर. लॅपटॉप तापला की त्याचा पंखा फिरायला लागतो, आणि नायिका हुंदका देऊन थांबली नेमकी तेव्हा ती घरघर स्पीकरमधून अख्ख्या मांडवाला ऐकू जाते. या टॅबलेटची चिप दोन-सव्वादोन वॉटांत भागवते, म्हणून तो गप्प. शिवाय पाच व्होल्टवर चार्ज होतो. जनरेटर बंद पडला तरी साध्या पॉवरबँकेवर उरलेला अंक निघून जाईल. पालखी देवळात शिरल्यावर मध्यरात्र उलटून आमचा पडदा उघडतो, तेव्हा असल्या गोष्टींची किंमत कळते.

विंडोज १०ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. विंडोज ११ला चार जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, म्हणजे आमचा गडी दारातच अडला. राहिलं लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी बसणारी फुकट सिस्टिम; उबंटू, डेबियन ही तिचीच रूपं. भाचा फर्मागुडीला इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, "मामा, अर्ध्या तासाचं काम."

साध्या लॅपटॉपवर असेलही. पण ज्या यंत्रासाठी ती सिस्टिम कुणी बनवलेलीच नाही, त्याच्यावर काम करताना पडद्यावर जे लिहून येतं त्यावर फार भरवसा ठेवता येत नाही. बऱ्याचदा लिहून काहीच येत नाही. दुकानात गिऱ्हाईक येतं आणि "बल्ब लागत नाही" म्हणतं, तेव्हा मी बल्बाकडे जात नाही. मीटरपासून सुरुवात करतो. मीटर, मेन स्विच, एमसीबी, बटण, होल्डर. टेस्टर जिथे पेटायचा थांबतो, त्याच्या आणि आधीच्या ठिकाणाच्या मध्ये दोष. संगणक उठतो तोही असाच हातोहात: आधी फर्मवेअर, म्हणजे बोर्डावरच कोरलेला मूळ प्रोग्राम, जागं होतं, ते ग्रब नावाच्या उठवणाऱ्याला बोलावतं, ग्रब कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, उचलतो, कर्नल इनिट्रॅमएफएस नावाच्या छोट्या पोतडीतली हत्यारं वापरून खरी डिस्क शोधतो, आणि डिस्क सापडली की सिस्टिम. कुठवर करंट पोचला एवढं कळलं की निम्मं काम झालं. ते न बघता इंटरनेटवर सापडेल तो उपाय एकावर एक लादणारी मंडळी मी पाहिली आहेत. त्यांचं यंत्र शेवटी चाललं तरी कशाने चाललं ते त्यांना सांगता येत नाही.

माझ्याकडे उबंटूचा पेनड्राइव्ह होता. तो लावला, डिलीट दाबून फर्मवेअरच्या पानावर गेलो, सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही नसलेलं काही उठू न देणारं कुलूप, बंद केला. बूटच्या यादीत पेनड्राइव्हचं नावच नाही. भाच्याच्या लॅपटॉपला तोच लावला तर ताबडतोब उठला. म्हणजे पेनड्राइव्ह ठीक. टॅबलेटचं यूएसबीही ठीक, कारण त्याच हबवर, म्हणजे एका पोर्टाची अनेक करणाऱ्या डबीवर, लावलेल्या कीबोर्डवरून मी फर्मवेअरच्या पानात फिरत होतो. दोन्ही बाजू जिवंत आणि मध्ये काहीच नाही.

कारण मजेशीर आहे. चिप ६४-बिट, पण तिच्यावरचं यूईएफआय, म्हणजे जुन्या बायोसच्या जागी आलेलं फर्मवेअर, ३२-बिट. बे ट्रेल घराण्यातल्या या चिपा आल्या तेव्हा टॅबलेटला लागणारी ती अर्धवट जागी झोप, म्हणजे पडदा काळा पण नेट चालू, ६४-बिट विंडोजमध्ये तयार नव्हती. म्हणून कंपन्यांनी ३२-बिट विंडोज घातलं. आणि यूईएफआयमधून उठायचं तर विंडोज जितक्या बिटांचं तितक्याच बिटांचं फर्मवेअर हवं. जुन्या बायोसचं सोंग घेणारी सीएसएम नावाची सोय असती तर पळवाट होती. ती या टॅबलेटात ठेवलेलीच नाही. चार जीबी रॅम कुठून आणली असती तरी विंडोज ११ इथे उठलं नसतं, कारण ते ६४-बिटमध्येच मिळतं.

असं फर्मवेअर पेनड्राइव्हवरच्या ईएफआय फोल्डरात, त्यातल्या बूट फोल्डरात, 'बूटआयए३२.ईएफआय' नावाची फाइल शोधतं. माझ्या पेनड्राइव्हवर होती फक्त 'बूटएक्स६४.ईएफआय'. ती याच्या कामाची नाही, म्हणून यादीत नाव नाही. चूक दाखवत नाही, तक्रार करत नाही, नुसतं दुर्लक्ष करतं. इथेच बरेच जण "पोर्ट गेलंय" म्हणून टॅबलेट परत कपाटात टाकतात.

लिनक्सच्या बाजूने हे कोडं केव्हाच सुटलेलं आहे. ३२-बिट फर्मवेअरवरून ६४-बिट कर्नल उठवायची सोय कर्नल ३.१५पासून, म्हणजे २०१४पासून आहे. अडचण फक्त दाराशी उभ्या असलेल्या त्या एका फाइलची. ३२-बिट ग्रबची ती फाइल मिळवून पेनड्राइव्हवर त्या जागी ठेवली, आणि यादीत नाव आलं. एंटर मारला. काळ्या पडद्यावर पांढरं 'ग्रब' आणि पुढे लुकलुकणारी रेघ. मेनू नाही.

आणि ते सगळं आडवं. म्हणजे टॅबलेट आडवा धरला की अक्षरं खालून वर चढलेली. या टॅबलेटातला पडदा मुळात उभ्या फोनचा, ८०० बाय १२८० ठिपक्यांचा. विंडोज त्याला गुपचूप वळवून दाखवायचं. ग्रबला ते माहीत नाही. टॅबलेट कीबोर्डवरून सुटा करून पोह्यांच्या डब्याला टेकवून उभा केला, हबवरचा यूएसबी कीबोर्ड पुढ्यात घेतला, तेव्हा मान सरळ झाली. हे सांगायचं कारण, पुढची सगळी कामं मी या डब्यापुढे बसून केली आणि आईला सकाळी पोहे काढताना दरवेळी टॅबलेट उचलून ठेवावा लागला.

ग्रबची ती नुसती रेघ दिसली तर घाबरायचं कारण नाही. तिचा अर्थ ग्रब आला पण त्याची मेनूची फाइल कुठे आहे ते त्याला ठाऊक नाही. 'एलएस' लिहून एंटर मारलं की त्याला दिसणाऱ्या डिस्का कंसात येतात. एकेकीत डोकावून बूट फोल्डर कुठे आहे ते शोधायचं, आणि मग 'कॉन्फिगफाइल' हा शब्द, एक जागा सोडून, त्या डिस्कच्या नावापासून 'ग्रब.सीएफजी'पर्यंतचा पूर्ण पत्ता. मेनू उघडतो.

मेनूतून पुढे गेलो. ओळी धावल्या, थांबल्या, आणि कर्नलने सांगितलं की लाइव्ह फाइल सिस्टिम असलेलं माध्यम सापडत नाही. खाली कंसात 'इनिट्रॅमएफएस' असं लिहून हुकुमाची वाट बघत बसला. आता हा निरोप वाचून कुणीही म्हणेल, पेनड्राइव्ह नीट लिहिला गेला नाही, पुन्हा लिहा. भाच्याने फोनवर तेच सांगितलं. पण टेस्टरच्या हिशोबाने बघा: याच पेनड्राइव्हवरून फर्मवेअरने ग्रब वाचला, ग्रबने कर्नल वाचला. तोवर पेनड्राइव्ह होता. कर्नलने ताबा घेतल्यावर नाहीसा झाला.

त्या कंसापुढेसुद्धा कर्नलचे निरोप दाखवणारं 'डीमेसेज' चालतं. चालवलं तर यूएसबीच्या ओळींत 'एरर -७१' पुन्हा पुन्हा. हा आकडा दिसला की समजावं, यूएसबीच्या तारेवर बोलणं तुटतंय: हलकी केबल, नाहीतर वीज कमी. फर्मवेअर यूएसबीशी सावकाश बोलतं. कर्नल आल्या आल्या सगळी उपकरणं पहिल्यापासून जागी करतो आणि पूर्ण वेगाने बोलायला जातो. माझा हब रस्त्यावर मिळतो तसला, स्वतःची वीज नसलेला; त्यावर कीबोर्ड आणि पेनड्राइव्ह दोघांचा भार. दुकानातला अ‍ॅडॉप्टरवाला हब आणला, केबल बदलली. पेनड्राइव्हला बोटही न लावता सिस्टिम पुढे गेली.

उबंटू पेनड्राइव्हवरून चाललं, पण डिस्कवर बसवताना अगदी शेवटी 'ग्रब-इन्स्टॉल'वर आपटलं. अर्थ उघड होता: माझ्या पेनड्राइव्हवर ३२-बिट ग्रबचं पॅकेज नव्हतं. नेट जोडून, आत शिरून, हाताने बसवता आलं असतं. मी तो नाद सोडला आणि डेबियन १२ घेतलं. डेबियनच्या साध्या ६४-बिट इन्स्टॉलरमध्येच ३२-बिट यूईएफआयची सोय आहे, आणि वायफाय वगैरे चिपांना लागणारी त्यांची त्यांची फर्मवेअर आता मुख्य इन्स्टॉलरबरोबरच येतात. ती वेगळी शोधत बसायचे दिवस जून २०२३ला डेबियन १२ आल्यापासून गेले. असमर्थित यंत्रासाठी सिस्टिम निवडताना दिसायला कोणती छान ते मी बघत नाही. असल्या विचित्र यंत्रांचा विचार कुणी आधीच करून ठेवलाय, ते बघतो. वायफायच्या भानगडीतही पडलो नाही. अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू केलं, इन्स्टॉलरला ते तारेचं नेट वाटतं.

मध्येच एक फालतू अडचण. टॅबलेटबरोबरचा मूळ कीबोर्ड ग्रबमध्ये कधी चालायचा, कधी नाही. सॉफ्टवेअरचा काही संबंध नव्हता. त्याच्या टोकाला पितळी टाचण्यांसारखे पाच संपर्क आहेत, त्यांवर हिरवट थर. आमच्याकडच्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या कशावरही तो चढतो. खोडरबराने घासले, संपलं.

इन्स्टॉल पूर्ण झालं, पेनड्राइव्ह काढला, टॅबलेट पुन्हा सुरू केला, आणि 'बूट करण्याजोगं उपकरण नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ आली. पेनड्राइव्हवरून वाचवणीच्या (रेस्क्यू) मोडमध्ये जाऊन बघितलं तर डेबियन जागेवर होतं, ग्रबही होता, ईएफआयमध्ये डेबियन नावाच्या फोल्डरात. डेबियनने फर्मवेअरच्या यादीत आपलं नावही घातलं होतं. पण हे फर्मवेअर ती यादी पुढच्या वेळी विसरतं. त्याला माहीत असलेले रस्ते दोनच: मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरातली फाइल, नाहीतर तोच आपला 'बूटआयए३२.ईएफआय'. बाकी जगात काही असू शकतं हे त्याच्या गावी नाही.

यावर उपाय दोन. इन्स्टॉल करताना एक्स्पर्ट मोड घेतला तर डेबियन स्वतः विचारतं, ग्रब काढत्या माध्यमाच्या रस्त्यावरही, म्हणजे त्या 'बूटआयए३२.ईएफआय'च्या जागीही, ठेवू का. तिथे हो म्हणायचं. आधीच बसवून झालं असेल तर वाचवणीच्या मोडमधून 'ग्रब-इन्स्टॉल' चालवायचं, टार्गेट 'आय३८६-ईएफआय' द्यायचं आणि जोडीला 'रिमूव्हेबल' हा पर्याय. मी दुसरं केलं. टार्गेट विसरू नका. ६४-बिट सिस्टिममध्ये बसून ३२-बिट ग्रब मागणं मनाला पटत नाही, पण फर्मवेअरला तेच समजतं.

आता मेनू आला, डेबियन निवडलं, दोन ओळी दिसल्या, आणि पडदा पूर्ण काळा.

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, कारण काळा पडदा काहीच सांगत नाही. कर्नल मेला असेल, डिस्क सापडली नसेल, किंवा सगळं नीट चालू असून फक्त दिसत नसेल. तिन्ही दिसायला सारखे. कॅप्सलॉक दाबून बघितलं, कीबोर्डचा दिवा पेटत-विझत होता. म्हणजे कर्नल जिवंत. बाहेर पाऊस धरलेला, लाइट गेलेली, घरात काळोख. हातात बॅटरी होतीच. ती पडद्याच्या अगदी जवळ, तिरकी धरली. काचेच्या आत, पाण्याखाली दिसावीत तशी, करडी अक्षरं होती. वाकून, मान वळवून, एकेक अक्षर लावत गेलो: लॉगिन. यंत्र पूर्ण उठून माझं नाव विचारत होतं. मागचा प्रकाश तेवढा बंद.

"काळखांत कितें सोदता रे?" आई दारातून. काळ्या टॅबलेटवर बॅटरी मारत बसलेल्या माणसाने यावर काय सांगावं!

बॅटरीची ही युक्ती आम्हा दुरुस्तीवाल्यांत जुनी आहे. एलसीडीत चित्र आणि उजेड या दोन वेगळ्या गोष्टी. चित्र असून उजेड नसेल तर शोध पुरता बदलतो. या चिपमध्ये पडद्यामागचा उजेड कमी-जास्त करायचं काम पीडब्ल्यूएम नावाच्या वेगळ्या भागाकडे आहे. त्याचे ड्रायव्हर, 'पीडब्ल्यूएम_एलपीएसएस' आणि 'पीडब्ल्यूएम_एलपीएसएस_प्लॅटफॉर्म', चित्राच्या 'आय९१५' ड्रायव्हरच्या आधी यायला हवेत. मागून आले तर आय९१५ला उजेडाचं बटण सापडत नाही आणि तो ते सोडून पुढे जातो. इन्स्टॉलरमध्ये सगळं दिसत होतं, कारण तिथे आय९१५ वापरात नव्हता, फर्मवेअरने दिलेलाच साधा पडदा होता.

तेव्हा आधी दिसेल असं करायचं. ग्रबच्या मेनूत डेबियनवर 'ई' दाबायचं, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' लिहायचं, सलग, छोट्या अक्षरांत, मग एफ१०. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो, त्यामुळे बिनधास्त करून बघावा. आय९१५ बाजूला राहतो, पडदा दिसतो. आत गेल्यावर 'ईटीसी'मधल्या 'इनिट्रॅमएफएस-टूल्स' फोल्डरात 'मॉड्यूल्स' नावाची फाइल आहे, तिच्यात ते दोन ड्रायव्हर एकेका ओळीवर लिहिले आणि 'अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू' चालवलं. त्या पोतडीत ते आधीच भरले गेले. पुन्हा सुरू केलं, उजेड आला. नोमोडसेट कायमचं लावून ठेवा असं सांगणारे भेटतील. त्याने काम भागतं, पण पडद्याचा उजेड कमी करता येत नाही आणि चित्राची हलवाहलवी सगळी प्रोसेसरच्या डोक्यावर पडते. विंगेत उजेड कमी करता येणं मला हवंच होतं. काळोख्या प्रवेशात प्रेक्षकांना माझ्या तोंडावर निळा प्रकाश दिसून कसं चालेल?

अक्षरं सरळ करणं त्यामानाने किरकोळ. कर्नलच्या ओळीत, म्हणजे ग्रबमधल्या त्याच 'लिनक्स'च्या ओळीत, 'एफबीकॉन=रोटेट:१' घातलं; उलट्या बाजूला फिरलं तर १च्या जागी ३. ग्रबचा मेनू मात्र अजून आडवाच येतो आणि येईल.

मग यंत्र गोठायला लागलं. चांगलं चालता चालता मध्येच चित्र थांबायचं, बाण हलायचा नाही, कॅप्सलॉकचा दिवाही मुका. बे ट्रेल चिपांचं हे दुखणं लिनक्सवाल्यांत प्रसिद्ध आहे: प्रोसेसर रिकामा असताना खोल झोपेत जातो आणि कधीतरी परत येतच नाही. कर्नलच्या ओळीत 'इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१' घातलं की त्याला खोल झोपायची बंदी होते. बॅटरी थोडी लवकर उतरते. मला चालतं. नाटकातलं यंत्र अर्ध्या तासाने कमी चालावं, पण तिसऱ्या अंकात गोठू नये. खात्री करायला साउंड इफेक्टमधला पावसाचा आवाज लूपवर लावून रात्रभर ठेवला. पहाटे जाग आली तेव्हा खरा पाऊस थांबलेला आणि टॅबलेटातला चालू होता. त्यावर मी समाधानी आहे.

आवाजाचं सांगतो म्हणजे कुणाचा वेळ वाचेल. या टॅबलेटात आवाजाची चिप रिअलटेकची आरटी५६४०, आणि ती नेहमीच्या लॅपटॉपसारखी जोडलेली नसते, इंटेलच्या डीएसपी नावाच्या वेगळ्या आवाज-प्रोसेसरच्या मागे असते. त्या डीएसपीला स्वतःचं फर्मवेअर लागतं. डेबियनमध्ये ते 'फर्मवेअर-इंटेल-साउंड' या पॅकेजमध्ये आहे. ते घातल्यावर कार्ड दिसलं, स्पीकरमधून आवाजही आला, पण हेडफोनच्या भोकातून एकाच बाजूला आणि सोबत चरचर. मिक्सरमधली ती शेकडो बटणं बघून मी दुकानातलं यूएसबी साउंड कार्ड लावलं. लावताक्षणी चाललं. नाटकाच्या साउंडवाल्याला तसंही हेडफोनच्या भोकातून मिक्सरला जायचं नसतं. ते भोक पहिल्या धक्क्याला सैल होतं. ज्यांना टॅबलेटच्याच स्पीकरवर गाणी ऐकायची आहेत त्यांनी हवं तर खोलात शिरावं.

बाकीचं भराभर: रिअलटेकचं वायफाय 'फर्मवेअर-रिअलटेक' घातल्यावर लागलं. एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप घेतला, दोन जीबीत तोच झेपतो, आणि जोडीला रॅममधला माल दाबून बसवणारं झेडरॅम. झोपेचे सगळे प्रकार सिस्टिमडीमधून मास्क, म्हणजे पक्के बंद, केले, कारण झाकण मिटलं म्हणून पार्श्वसंगीत थांबणं मला परवडणारं नाही. टचस्क्रीनला त्या त्या टॅबलेटची वेगळी फाइल लागते, ती मी शोधली नाही. कॅमेरा चालत नाही. व्हीएलसीत प्रत्येक तुकडा वाजला की थांबायला हवं, नाहीतर शंखनादानंतर लगेच बंदुकीचा बार ऐकू यायचा. त्यासाठी 'प्ले अँड स्टॉप'चा पर्याय लावला आहे.

परवा तालमीनंतर आमच्याच मंडळीतल्या पेटीवाल्याने त्याच्या घरातला तसलाच एक टॅबलेट आणून दिला. त्याची पाठ मध्ये फुगलेली. तो मी उघडलाही नाही. फुगलेल्या बॅटरीवर तासन्‌तास चार्जर लावून इन्स्टॉल करत बसणं म्हणजे आग विकत घेणं. आधी बॅटरी बदलून आण म्हटलं. दुसरा एक आलाय तो ठणठणीत आहे, आणि त्यात विंडोज अजून उठतं. असं असेल तर पेनड्राइव्ह बनवायच्या आधीच फर्मवेअर किती बिटांचं ते बघून घ्या. विंडोजमध्ये 'एमएसइन्फो३२' चालवा. बायोस मोड यूईएफआय आणि सिस्टिमचा प्रकार एक्स८६ दिसला तर फर्मवेअर ३२-बिट, वरचं सगळं तुम्हाला लागू. एक्स६४ दिसलं तर 'बूटआयए३२'चा अर्धा लेख सोडून द्या, साधा ६४-बिट पेनड्राइव्ह उठेल. विंडोज गेलंच असेल आणि कसंबसं लिनक्स उठलं असेल तर 'सिस' मधल्या 'फर्मवेअर', त्यातल्या 'ईएफआय' फोल्डरात 'एफडब्ल्यू_प्लॅटफॉर्म_साइझ' नावाची फाइल वाचा. आत फक्त एक आकडा असतो, ३२ किंवा ६४. विंडोज उठणाऱ्या त्या दुसऱ्या टॅबलेटाचं फर्मवेअर ६४-बिट निघालं.